सहावी घनाकृती

ज्यांच्याबद्दल हे लिहितो आहे त्यांना आम्ही सगळे मेस्त्री म्हणत असू. कुडाळकडचे सुतार, पन्नाशीला टेकलेले, कुवेतमधल्या राई या भागातल्या एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये कामाला. मी त्यांचं वाईट केलं. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, कारण पुढे लिहिताना माझा हात ते मऊ करायला बघणार, हे मला माहीत आहे.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मी कुवेतमध्ये पेट्रोकेमिकल्सच्या एका प्लांटवर प्रोसेस इंजिनिअर होतो. मूळचा नाशिकचा. लग्नाला तीन वर्षं झाली होती. आम्ही साल्मियात राहायचो आणि बायको एका भारतीय शाळेत गणित शिकवायची. शुक्रवारी सुट्टी. बाकीची मराठी मंडळी त्या दिवशी क्रिकेट खेळायची, नाहीतर बाजारात जायची. आम्ही दहा-बारा जण मात्र दस्मानला सरांच्या फ्लॅटवर जमायचो.

सर पुण्याचे. हुद्द्याने माझ्या साहेबाचे साहेब, वयाने साठीच्या जवळ. आखाती युद्ध संपल्यावर जे इंजिनिअर सगळ्यात आधी परत आले त्यांतले एक, त्यामुळे कंपनीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांच्या हॉलच्या खिडकीतून समुद्र दिसायचा आणि खिडकीसमोर त्यांची उंच पाठीची खुर्ची असायची. तिच्यावर दुसरं कोणी बसत नसे. ग्रीक तत्त्वज्ञान हा त्यांचा छंद. सकाळी दहापासून नमाजाची बांग होईपर्यंत ते बोलायचे, मग आम्ही त्यांच्याकडेच जेवायचो. मी पहिल्या ओळीत बसून वहीत उतरवून घ्यायचो. चार वर्षांत मी त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता. प्रश्न विचारला तर सर आधी विचारणाऱ्याची थट्टा करायचे आणि मग उत्तर द्यायचे. मला ती थट्टा दुसऱ्याची झालेली बघायला आवडायची.

त्या हिवाळ्यात विषय होता पाच घनाकृतींचा. एका प्राचीन ग्रीक तत्त्ववेत्त्याने म्हणून ठेवलं होतं की सगळं जग या आकृतींचं बनलेलं आहे. अग्नीचा कण चार त्रिकोणांचा, म्हणून टोकदार, म्हणून तो टोचतो आणि जाळतो. पृथ्वीचा कण चौरसांचा, फाशासारखा, म्हणून जागचा हलत नाही. हवेचा आठ त्रिकोणांचा. पाण्याचा वीस त्रिकोणांचा, जवळजवळ गोल, म्हणून हातातून निसटतो. आणि पाचवी आकृती बारा पंचकोनांची, ती निर्मात्याने अख्ख्या विश्वासाठी राखून ठेवली. सर हे सांगताना हवेत बोटांनी आकृत्या काढायचे आणि आम्हाला काही दिसायचं नाही. एकदा वैतागून ते म्हणाले, "मॉडेल्स हवीत. पुठ्ठ्याची पोरकट नकोत. लाकडाची."

मेस्त्रींनी नुकतीच आमच्या स्वयंपाकघरातली कपाटं दुरुस्त करून दिली होती. मी सरांना म्हणालो, माझ्या ओळखीचा माणूस आहे.

मी कागदावर आकृत्या काढून, कोनांचे आकडे लिहून राईला गेलो. वर्कशॉपमध्ये भुश्श्याचा धुरळा आणि करवतीचा आवाज. मेस्त्रींनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि आकडे असलेला भाग दुमडून टाकला.

"अंश नको, साहेब. आधी पुठ्ठ्याचा करून बघतंय. कडेक कड टेकली की अंश आपसूक गावता."

फोरमनला विचारून त्यांनी कोपऱ्यातल्या ढिगातले सागाचे आणि ओकचे तुकडे घेतले. ते तुकडे एरवी कचऱ्यात जायचे. तीन आठवड्यांनी पाचही आकृत्या तयार झाल्या. बारा पंचकोनांची आकृती हातात घेतली तर सांधा कुठे आहे ते नखाला कळत नव्हतं. मी म्हणालो, मेस्त्री, याचं काय द्यायचं? ते म्हणाले, "काय नको. ह्या कशाक लागता ता ऐकूक इलंय तर चलात काय?"

सर फोनवर हसले. "आणा की. बघू तरी."

त्या शुक्रवारी मेस्त्री सगळ्यात मागे, दाराजवळ बसले. सरांनी अग्नीची आकृती उचलून समजावलं, तसा मागून आवाज आला, "म्हणजे सर, आगीचो चटको बसता तो ह्या टोकान?" सगळे हसले. सरांनी मात्र मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "अगदी बरोबर. अडीच हजार वर्षांपूर्वी त्यांनी हेच म्हटलंय." जेवणाआधी मेस्त्रींनी आणखी एक प्रश्न विचारला. "आकृत्या पाचच कित्याक? सहावी का नाय?"

सरांना हा प्रश्न आवडला. ते उभे राहून म्हणाले, "नीट ऐका. सगळ्या बाजू तंतोतंत एकसारख्या हव्यात. प्रत्येक बाजूच्या कडा सारख्या, कोन सारखे. एवढीच अट. ही अट पाळणाऱ्या आकृत्या जगात पाचच. सहावी कोणी आणून दाखवली तर या खुर्चीवर मी त्याला बसवीन." मी ते वहीत जसंच्या तसं उतरवलं, खुर्चीचं वाक्यसुद्धा.

जाताना सरांनी मेस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या खांद्यावर त्यांनी कधी ठेवला नव्हता.

महिना-दीड महिना गेला. मेस्त्री दर शुक्रवारी खैतानहून बस बदलून दस्मानला यायचे. खैतानला एका खोलीत ते सहा जण राहायचे. त्यांतले दोघे त्यांच्याच वाडीतले. मग एका शुक्रवारी दुपारी ते एकटेच आमच्या घरी आले. हातात कापडी पिशवी. बायकोने चहा टाकला. मेस्त्रींनी पिशवीतून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली आणि तिच्यावरचा हात लगेच उचलला नाही.

"साहेब, गावली."

"काय?"

"सहावी."

अग्नीच्या दोन आकृत्या त्यांनी पोटाला पोट लावून जोडल्या होत्या. चिकटलेल्या दोन बाजू आत गेल्या आणि बाहेर उरले सहा त्रिकोण. सहाही तंतोतंत सारखे, सगळ्या कडा सारख्या. लाकडाच्या रेषासुद्धा प्रत्येक त्रिकोणात एकाच दिशेने जात होत्या.

"मोजा तुम्ही. पट्टी घेऊन मोजा."

मोजायची गरज नव्हती. मला तीन सेकंदांत कळलं. वरच्या टोकाला तीन त्रिकोण एकत्र येत होते, खालच्या टोकाला तीन, पण कमरेवरच्या तीन कोपऱ्यांत चार-चार. खऱ्या नियमित आकृतीत प्रत्येक कोपऱ्याला सारख्याच बाजू भेटाव्या लागतात. ही सहावी आकृती नव्हती. आणि त्याच तीन सेकंदांत मला दुसरीही गोष्ट कळली. सरांनी कोपऱ्यांची अट सांगितलीच नव्हती. सरांनी जे शब्द उच्चारले होते त्या शब्दांप्रमाणे हा माणूस बरोबर होता. सर चुकले होते.

तिथल्या तिथे सांगता आलं असतं. मेस्त्री, असं असं आहे, कोपरे मोजा. त्यांना अर्ध्या मिनिटात पटलं असतं आणि बहुतेक ते हसले असते. पण मला त्यांच्या खांद्यावरचा सरांचा हात आठवला. दहावी नापास माणसाने दीड महिन्यात सरांना चार-पाच प्रश्न विचारले होते आणि मी चार वर्षं नुसता लिहून घेत होतो.

मी म्हणालो, "मेस्त्री! कमाल केलीत. हे सरांनाच दाखवायला हवं. सगळ्यांसमोर."

त्यांचे डोळे पाण्याने भरले. मी ते पाहिलं, आणि तरी माझा विचार बदलला नाही.

ते गेल्यावर बायको कप उचलता उचलता म्हणाली, "कोपऱ्यांत फरक पडतोय. सांगितलंत ना त्यांना?"

"सांगतो."

मी फोन लावला तो सरांना. सर आधी खळखळून हसले, मग म्हणाले, "त्याला काही कळू देऊ नकोस. छान समारंभ करू." मी त्यांना विचारू शकलो असतो, की सर, तुम्ही कोपऱ्यांचं सांगितलं होतंत का? नाही विचारलं. दोन आठवडे तयारी चालली. सरांनी घरोघर फोन करून सांगितलं की या शुक्रवारी मेस्त्रींचं व्याख्यान आहे, बायकामुलांना घेऊन या. मेस्त्रींना काय बोलायचं ते मी लिहून दिलं. 'जे ग्रीकांना जमलं नाही' हे शब्द माझे. ते वाक्य त्यांनी खोडायला सांगितलं. "जरा जास्ती होता, साहेब." मी म्हणालो, राहू द्या, सरांना आवडेल.

त्या दिवशी हॉलमध्ये तीसेक माणसं होती. मेस्त्री नव्या शर्टात आले, शर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. वाडीतले ते दोघेही इस्त्रीचे कपडे घालून बरोबर आले होते. सर दारात सामोरे गेले. "या, या. आज तुमची जागा ही." आणि त्यांनी मेस्त्रींना आपल्या खुर्चीवर बसवलं. मेस्त्री अगदी पुढच्या कडेला टेकले.

बोलताना ते अडखळले, पण बोलले. माझं ते वाक्य आलं तेव्हा आवाज अगदी खाली गेला. मग त्यांनी आकृती वर धरली आणि कागद बाजूला ठेवून स्वतःच्या शब्दांत सांगितलं, की हा सांधा कसा बसवला, पहिले तीन तुकडे कसे फुकट गेले. त्या दोन मिनिटांत हॉल खरंच ऐकत होता.

मग सर उठले. "मेस्त्री, एक-दोन शंका. आम्ही अडाणी माणसं. कोपरे किती?"

"पाच, सर."

"ह्या वरच्या कोपऱ्यात किती बाजू भेटतात?"

"तीन."

"आणि ह्या मधल्या?"

मेस्त्रींनी बोटाने मोजलं. पुन्हा मोजलं. "चार."

"एकीकडे तीन, एकीकडे चार." सर प्रेक्षकांकडे वळले. "म्हणजे एक पाय आखूड असलेलं टेबल. आणि हे मेस्त्री ग्रीकांना विकायला निघाले!"

हशा पिकला. मोठी माणसं हसतात म्हणून मुलं हसली. मीही हसलो. वाडीतल्या दोघांपैकी एक जण हसला आणि दुसऱ्याने त्याला कोपर मारलं.

मेस्त्री खुर्चीवरून उठले. ते रागावले नव्हते, विचार करत होते. "पण सर, तुम्ही कोपऱ्याचा काय बोलूक नाय होतात. बाजू सारखे, कडा सारखे, कोन सारखे. एवढीच अट, असा बोललात."

 सरांचा चेहरा हलला नाही, पण मी त्यांना ओळखत होतो. ते त्या क्षणी पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं होतं.

"मी? मी असं अर्धवट सांगेन?"

मेस्त्री माझ्याकडे वळले. "साहेब, तुम्ही वहीत लिवून घेतलात ना? तुम्ही सांगा."

तीस माणसं माझ्याकडे बघत होती. वही घरी होती, पण मला ते पान पाठ होतं.

मी म्हणालो, "सरांनी सांगितलं होतं, मेस्त्री. तुमच्या लक्षात राहिलं नसेल."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली, जणू एखादी फळी तपासून पाहिली आणि ती आतून किडलेली निघाली.

सरांना आता जोर आला. त्यांनी गोष्ट सांगितली. ग्रीकांमध्ये एक गुप्त पंथ होता. बारा पंचकोनांच्या आकृतीचं रहस्य पंथातल्या एकाने बाहेर फोडलं, आणि त्याला समुद्रात बुडून मरण आलं. देवांनीच शिक्षा केली म्हणतात. "काळजी करू नका, मेस्त्री," खिडकीकडे हात करून सर म्हणाले, "समुद्र जवळ आहे, पण आम्ही तेवढे कडक नाही." पुन्हा हशा.

मेस्त्री जेवायला थांबले. मला वाटलं होतं जातील. खाली बसून त्यांनी पानातलं सगळं संपवलं, ताट स्वतः धुतलं, सरांच्या बायकोला "येतंय, वहिनी" म्हणाले, आणि आकृती पिशवीत घालून दोघांना घेऊन गेले.

घरी आल्यावर बायकोने चप्पल काढायच्या आधी माझी वही काढली. पान सापडायला तिला वेळ लागला नाही. तिने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी म्हणालो, अगं, गंमत होती. ती म्हणाली, "तीस माणसांसमोर त्या माणसाने तुमच्याकडे साक्ष मागितली आणि तुम्ही खोटं बोललात. गंमत कुठली त्यात?" 

पुढच्या शुक्रवारी ती न सांगता माझ्याबरोबर आली. वही तिच्या पर्समध्ये होती हे मला माहीत नव्हतं. सर बोलायला लागायच्या आधी ती उभी राहिली आणि ते पान वाचलं. तारखेसकट, खुर्चीच्या वाक्यासकट. मग म्हणाली, "व्याख्या जशी दिली होती तशी घेतली तर मेस्त्री बरोबर होते. त्यांनी सरांची चूक शोधली. आपण त्यांना हसलो." कोणीतरी खाकरलं. सर हसून म्हणाले, "शाब्बास, वहिनी. गणिताच्या बाई शोभता." आणि त्यांनी व्याख्यान सुरू केलं. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी वाचलं की जुन्या ग्रीकांच्या मूळ विधानातही कोपऱ्यांची ती अट स्पष्टपणे मांडलेली नाही. राईतल्या एका सुताराने ती फट हाताने चाचपडून शोधली होती.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी दुपारी, मी नाईट शिफ्टसाठी घरी झोपलो होतो तेव्हा मेस्त्री आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. वर्कशॉपच्या मुदीरला, म्हणजे मॅनेजरला, कोणा मोठ्या इंजिनिअरचा फोन आला होता. तुमचा सुतार कंपनीचं सागवान चोरून बाहेर खेळणी करून देतो, ती आम्ही स्वतः पाहिली आहेत. फोरमन म्हणाला, मी परवानगी दिलीच नाही. तोही घाबरला असणार. मुदीरने मेस्त्रींचा अकामा रद्द करायला पाठवला होता, आणि अकामा गेला की देशात राहायचा हक्कच संपला.

"साहेब, दोन ओळी लिवून द्या. लाकूड टाकाऊ होता आणि वस्तू तुम्ही सांगल्यात म्हणान केलंय. दुसरा काय नको."

"मी सरांशी बोलतो. त्यांच्या लेटरहेडवर दिलं तर जास्त वजन पडेल."

"सरांचा नको. तुमचा द्या."

"दोन दिवसांनी या."

त्या संध्याकाळी मी सरांच्या केबिनमध्ये गेलो. विचारलं, सर, तुम्ही काही बोललात का तिकडे? ते फाईलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "मी फक्त चौकशी केली, की तुमच्याकडे एवढं सागवान फुकट जातं का. का? तुला काही लिहून द्यायचंय का त्याला?" त्या महिन्यात आमची बढत्यांची यादी त्यांच्या टेबलावर होती. मी म्हणालो, "नाही सर."

गुरुवारी मेस्त्री आले तेव्हा मी घरात होतो. बायको शाळेत होती. दाराच्या भिंगातून मला त्यांचं कपाळ दिसलं. त्यांनी बेल वाजवली. मी पायमोज्यांवर दाराच्या आत उभा होतो, श्वास धरून. त्यांनी दुसऱ्यांदा वाजवली, तिसऱ्यांदा वाजवली. मग ते जिन्याच्या पायरीवर बसले. आत एसी चालू होता, बाहेर त्याचा आवाज ऐकू जातो. आत माणूस आहे हे त्यांना कळत असणार. पंधरा-वीस मिनिटं ते बसून होते आणि मी उभा होतो. मग ते उठून गेले.

हे बायकोला मी चार दिवसांनी सांगितलं, तेसुद्धा तिने खोदून विचारलं म्हणून. तिने लगेच बसून इंग्रजीत पत्र लिहिलं, खाली सही केली आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर टॅक्सीने एकटी राईला गेली. मुदीरने पत्र वाचलंही नाही. "खलास," म्हणाला. मेस्त्रींना आदल्या दिवशी विमानात बसवलं होतं.

मी शुक्रवारी जात राहिलो. बायको पुन्हा आली नाही. त्या वर्षी मला बढती मिळाली. दोन वर्षांनी सर पुण्याला परत गेले, तेव्हा अभ्यासवर्ग माझ्याकडे सोपवून गेले. मग मी बोलायचो आणि दुसरा कोणीतरी पहिल्या ओळीत बसून लिहून घ्यायचा.

आणखी काही वर्षं गेली. दोन हजार सालानंतरची गोष्ट. सुट्टीवर आलो असताना बायको म्हणाली, कुडाळला जायचंय. मेस्त्रींचा पत्ता तिने खैतानच्या खोलीवरून मिळवून ठेवला होता. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर द्यायची. गाडी वाडीच्या तोंडाशी थांबली. मी दार उघडलं, पण बायको उतरली नाही.

"तुम्ही जा. मागे मी बोलले आणि सगळं त्यांच्यावर उलटलं. आता तुम्ही बोला."

मेस्त्री पडवीत दाराची चौकट तासत होते. केस पूर्ण पांढरे झाले होते. मला पाहून रंधा थांबला, एवढंच. त्यांची बायको बाहेर येऊन पाण्याचा तांब्या ठेवून गेली. मी बोलायला सुरुवात केली, की माझ्या मनाला तेव्हापासून… त्यांनी हात वर केला.

"माका सांगून काय उपयोग? माका सगळा म्हायत आसा. सांगूचा तर थंय सांगा." त्यांनी शेजारच्या घराकडे बोट केलं.

मग कळलं. बरोबरच्या दोघांनी वाडीत येऊन सांगितलं होतं की मेस्त्रीला चोरीसाठी काढला. गावच्या देवळाचं लाकूडकाम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडे होतं. पालखी, मखर, सभामंडपाचे खांब, सगळं. ते काढून घेतलं होतं. चोराचा हात देवाच्या लाकडाला नको. देवळाचे मानकरी त्यांचे चुलत चुलतेच, शेजारच्याच घरात.

मेस्त्री मला घेऊन गेले. म्हातारा खाटेवर बसला होता. त्याच्या बाजूला आणखी दोन माणसं. मेस्त्री दाराशीच उभे राहिले.

मी म्हणालो, "कुवेतला मी यांना ओळखत होतो. यांच्यावर जो आळ आला तो खरा नव्हता. गैरसमज झाला होता."

म्हातारा म्हणाला, "म्हणजे लाकूड घेतल्यान नाय?"

"घेतलं, पण ते टाकाऊ होतं."

"कोणाक इचारून?"

"फोरमनला विचारलं होतं. आणि वरच्या लोकांनी वस्तू करायला सांगितल्या होत्या."

"वरचे म्हणजे कोण? नाव सांगा."

उत्तर एका अक्षराचं होतं. मी. वस्तू करायला मी सांगितल्या, आकृत्या मी काढून दिल्या, मी लिहून द्यायला नको म्हणालो, मी दार उघडलं नाही. हे सगळं नाशिकहून निघताना गाडीत मी मनात नीट लावून ठेवलं होतं. समोर तीन अनोळखी माणसं होती. ती मला पुन्हा कधी दिसणारही नव्हती.

"आता आठवत नाही," मी म्हणालो. "खूप वर्षं झाली."

म्हाताऱ्याने बाजूच्या माणसाकडे पाहिलं. त्या माणसाने खांदे उडवले.

मेस्त्री माझ्याबरोबर पाणंदीच्या वळणापर्यंत आले. तिथे थांबून अगदी शांतपणे म्हणाले, "साहेब, आता परत येव नका." आणि मागे वळले.

बायकोने माझा चेहरा पाहिला. ती गाडीतून उतरली, मुलीचा हात माझ्या हातात दिला आणि पाणंदीने आत गेली. अर्धा तास झाला, मग पाऊण. मुलगी कंटाळून बॉनेटवर चढून बसली. शेवटी बायको आली. डोळे कोरडे होते. रस्ता लागल्यावर तिने सांगितलं. तिने म्हाताऱ्याला सगळं सांगितलं होतं, माझ्या नावासकट. म्हाताऱ्याला ते पटलं. तो म्हणाला, बाय माझे, तू सांगतंस ता खरा असात. पण देवळाचं काम आता दुसऱ्या घराकडे गेलं, त्यांचे मुलगे शिकून तयार झाले, आता ते परत कसं घेऊ.

"आणि मेस्त्री?" मी विचारलं.

"चौकट तासत होते," ती म्हणाली. "मी निघाले तेव्हाही तासत होते."